बायोडेटामधली आत्या

प्रिय सुबोधदादा,

आधी पाणी पी, मग वाच. मी भयंकर चिडलेय आणि आज काहीही गिळून गप्प बसणार नाहीये.

जान्हवीच्या लग्नाचा बायोडेटा तू केलास. उंची, रास, देवक, मामा-काकांच्या नोकऱ्या, सगळं यथासांग. आणि खाली 'आत्या: बँकेत अधिकारी'. कोण रे ही बाई? मी बँक सोडून तीन वर्षं झाली. भांडुपच्या गाळ्यात मी रंगीत काचा कापते, शिशाच्या पट्ट्यांत बसवते, कथील वितळवून सांध्यांना डाख देते. वाकोल्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या जिन्यावर माझी पहिली खिडकी लागली, तेव्हा तुला किती आग्रहाने बोलावलं होतं. तुला नेमकी त्याच दिवशी सोसायटीची मीटिंग निघाली.

रविवारी अनयकडची माणसं मुलगी बघायला आली आणि त्याच्या आईने मला शाखा विचारली. मी तोंड उघडायच्या आत तू 'मुलुंड' सांगून मोकळा! वर म्हणालास, लवकरच प्रमोशन आहे. अरे, नोकरी नाही आणि प्रमोशनसुद्धा दिलंस! मी मात्र काचेने कापलेली बोटं पदराखाली लपवून बसले, पोहे द्यायलाही उठले नाही. तुझा राग आहेच, पण त्या लपवलेल्या बोटांपायी माझाच मला जास्त येतो. वहिनी आत म्हणाली, चार दिवसांचा प्रश्न आहे, लग्न पार पडू दे. आणि मग? बारशाला मी कुठल्या शाखेतून रजा काढून यायचं?

बाबांची गिरणी बंद पडली आणि त्यांनी घाटकोपरला भाजीची पाटी मांडली, तेव्हा तू आठवीत होतास. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे तू 'भाजीविक्री' लिहिलंस आणि वर्ग हसला तरी खोडलं नाहीस. मी दुसरीत होते, चाळभर सांगत सुटले होते माझ्या दादाचं हे शौर्य. तो मुलगा कुठे गेला रे? मी काय चोऱ्या करते?

आता पत्राचं कारण सांगते. आज सकाळी मी अनयच्या आईला फोन करून सगळं खरं सांगितलं. जान्हवीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, आत्या, खोट्यावर मला त्या घरात नांदायचं नाही, तू सांग. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी तुझ्याशीच फोनवर बोलते म्हणाल्या. लग्न ठरेल की मोडेल, मला ठाऊक नाही. तू बेसावध सापडू नयेस म्हणून हे पत्र जान्हवीच्याच हाती पाठवतेय. त्या तुला विचारतील, तुमची बहीण नेमकं काय करते? उत्तर तू दे, दादा. जान्हवी तिथेच उभी असेल, तिला ऐकू जाईल असं दे.

अजून तरी तुझीच,
वसुधा