अप्पांना ऐकू न येणारा अलार्म

३ फेब्रुवारी, मंगळवार
मागच्या इमारतीतले हिरेमठ सर गेले. दुपारी जेवून झोपले होते. हॉलमध्ये स्कूटरची बॅटरी चार्जिंगला. आग म्हणे फार नव्हतीच, सोफा आणि एक पडदा. धुरानंच गेले. जागे झालेच नाहीत. बायको अन्नपूर्णक्का बाजारात.
मी धारवाडहून ऑफिस करून आले तर खाली हुबळीतलं आमचं सगळं उणकल गोळा झालेलं. प्रत्येकाच्या नाकाला रुमाल, पदर. मी तशीच उभी. शेजारच्या शोभक्का म्हणाल्या, "वैशाली, तुला वास येत नाही काय?"
नाही येत. मागे मोठा ताप आला, तेव्हा नाक गेलं ते गेलंच. आजवर मीच त्याची चेष्टा करत आले. आज पहिल्यांदा करवली नाही.

५ फेब्रु., गुरुवार
अन्नपूर्णक्कांना भेटून आले. रडत नाहीत. एकच सांगतात, "पंखा मी लावून दिला होता. गार वारा लागू दे म्हणून." भिंती छतापर्यंत काळ्या. कपाटातली बंद भांडीसुद्धा काळी.
घरी येऊन बघितलं. अप्पा (माझे सासरे) दुपारची झोप काढत होते. खोलीचं दार लावलेलं. कानाचं मशीन टेबलावर. बाहेरच्या दाराला आतून कडी. मी बेल वाजवून वाजवून दमले, शेवटी अप्पा स्वतः उठले तेव्हा उघडलं. हे रोजचंच आहे, रोज वैतागते. आज वैताग आला नाही. 
घरात दोन माणसं. एकाला ऐकू येत नाही, एकीला वास येत नाही. आणि नवरा, मिलिंद, नोकरीला गोव्यात, शनिवारी येणार.

८ फेब्रु., रविवार
मि. ला सांगितलं, धुराचा अलार्म लावू या. म्हणाला, "घर आहे की हॉटेल?" पण केशवापूरला आला सोबत. पहिल्या दुकानात विचारलं तर तो आगीचा सिलिंडरच दाखवायला लागला. दुसऱ्यात म्हणे घरासाठी कोण नेत नाही, मागवून देतो. मागवा म्हटलं. दोन. एक हॉलला, एक आत.
मि. वाटेत म्हणाला, "अप्पांना घाबरवू नकोस." मी म्हटलं, मीच घाबरलेय, त्यांना काय घाबरवू.

१३ फेब्रु., शुक्रवार
अलार्म बसले. गोल, पांढरे, थालिपीठाएवढे. इलेक्ट्रिशियनने आतला नेमका गॅसच्या डोक्यावर बसवला. मी ऑफिसात होते.
अप्पा मान वर करून बघत बसले. "हे काय करतं?"
"धूर झाला की ओरडतं, अप्पा."
"कुणाला?"
मी हसले. मग बटण दाबून बघितलं. काय तो आवाज! पलीकडून शोभक्का शिवणकाम टाकून धावत आल्या. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.
अप्पा कानातलं काढून पेपर वाचत होते. मशीन टेबलावर. पान उलटलं. वर बघितलंसुद्धा नाही.
मी बटण सोडलं.

१४ फेब्रु., शनिवार
मशीन घालून झोपा म्हटलं. म्हणाले, उशीला लागलं की शिट्टी वाजते, डोकं फिरतं. खरंच आहे ते. जन्म गेला वर्कशॉपात, लोखंडाच्या आवाजात, त्यातच कान गेले. आता कुठं शांतता मिळाली म्हणतात.
उशीखाली थरथरणारं, दिवा लुकलुकणारं एक मिळतं म्हणे बहिऱ्या माणसांसाठी. इथं कुठं? मि. म्हणाला बघू.

१६ फेब्रु., सोमवार
शोभक्कांना किल्ली दिली. त्या दिवसभर घरीच, दाराशीच मशीन मांडून ब्लाउज शिवतात. म्हटलं, आवाज आला तर विचार करू नका, सरळ आत जा. त्यांनी किल्ली मंगळसूत्राच्या पिनेला अडकवली. "तू निश्चिंत धारवाडला जा ग."
आता प्रश्न आतल्या कडीचा. अप्पांना वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं: कडी घालू नका. रागावले. "बिनकडीचं झोपू? चोर आला तर?"
"चोर आला तर नेऊ दे काय न्यायचं ते."
वही मिटली. मग म्हणाले, "एवढी भ्यालीस होय, पोरी?"
मी मान हलवली. दुपारी फोन केला शोभक्कांना. म्हणाल्या, ढकलून बघितलं, कडी नाही.

१९ फेब्रु., गुरुवार
आज लाल मिरचीची फोडणी दिली आणि तो वरचा बोंबलला. टॉवेलने वारा घातला, खिडक्या उघडल्या, बंद होईना. शोभक्का किल्ली घेऊन आत. दोघी हसून हसून बेजार. पण त्या म्हणाल्या ते डोक्यात राहिलं. "रोज असं ओरडलं तर मी यायची बंद होईन हं, वैशाली. माणूस आहे मी."

२२ फेब्रु., रविवार
मि. आला होता. छान गेले दोन दिवस. चिकन, जोंधळ्याची भाकरी. अप्पा खूश. कालपासून एकदाही अलार्म वाजला नाही. मला वाटलं खिडकी उघडी ठेवल्यामुळे.

२४ फेब्रु., मंगळवार
सकाळी जाता जाता स्वयंपाकघरातल्याचं बटण दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. स्टुलावर चढून उघडला. आत बॅटरीच नाही.
फोन केला. मि. म्हणाला, "हो, मीच काढली. शनिवारी तू बाहेर गेली होतीस तेव्हा चिकन करताना सारखं किंचाळत होतं. सांगायचं राहिलं."
सांगायचं राहिलं! काल अख्खा दिवस मी धारवाडला, अप्पा एकटे, आणि वर नुसतं रिकामं डबडं. काय काय बोलले आठवत नाही. तो म्हणाला, "तुझं आता जास्त होतंय." मी फोन कापला.
बॅटरी फ्रिजवरच्या परडीत सापडली. घातली. वाजला. संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावून तो गॅसवरून काढून बाहेरच्या पॅसेजमध्ये लावून घेतला, अप्पांच्या खोलीसमोर.
दोन वेळा बटण दाबून बघितलं, वाजला.

२७ फेब्रु., शुक्रवार
फोडणी दिली, वाजला नाही. बटण दाबलं, वाजला. ऑफिसात पहिल्यांदा दुपारचा डबा नीट जेवले.

४ मार्च, बुधवार
कालचं लिहायला आज बसतेय. दवाखान्याच्या बाकावर.
काल दुपारी ऑफिसात शोभक्कांचा फोन. मागे तो आवाज. "मनी तुंब होगी, लगू बर्री!" घरभर धूर, लवकर या. एवढंच बोलल्या. कन्नडमध्येच. घाबरल्या की त्या माझ्याशी मराठी बोलतच नाहीत. मग फोन बंद.
बस मिळाली. रायापूरला सिग्नलला थांबली. रोज थांबते. काल मी उभी राहून ड्रायव्हरला ओरडले, चला ना, चला ना. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. डोळ्यासमोर हिरेमठ सरांच्या काळ्या भिंती. फोन लावत होते, लागत नव्हता. उतरून धावले तेव्हा चप्पल कुठं गेली कळलं नाही.
अप्पा खाली जिन्याच्या पायरीवर. बनियनवर. तोंड राखेसारखं, पण बसलेले. खोकत होते. शोभक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत. शोभक्कांच्या कोपरावर केवढा फोड.
चहा ठेवला होता अप्पांनी. मग जरा टेकू म्हणून खोलीत गेले, डोळा लागला. पातेलं आटलं, जळलं, बाजूचं फडकं पेटलं, मग मिक्सर, मग वरच्या कपाटाचं दार. शोभक्का आत गेल्या तेव्हा पॅसेजमध्ये काही दिसत नव्हतं म्हणे. खाली वाकून, भिंत चाचपत खोलीपर्यंत. अप्पा गाढ झोपलेले. हलवलं तर उठून भांडायला लागले, "कोण तुम्ही?" ओढतच आणलं. गॅस खालच्या पोरांनी बंद केला, बादल्या मारल्या.
मी वर गेले. सगळे नाक दाबून. मी काळ्या स्वयंपाकघरात उभी होते आणि मला कसलाच, कसलाच वास येत नव्हता.
डॉक्टर म्हणाले धूर फार आत गेला नाही. उद्या सोडतील.
मि. रात्रीच आला. अप्पांच्या पायाशी बसला होता. मग मला हळूच, "बॅटरी तू नवीन घातलीस ना?"
"नाही. तू काढलेलीच परत घातली."
उठून बाहेर गेला. खूप वेळ आला नाही.

७ मार्च, शनिवार
अप्पा घरी. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. पाणी हवं तरी दारात उभे राहतात.
सकाळी वंदनेला बसले बुद्धमूर्तीपुढं. मेणबत्ती लावली नाही. म्हटलं, लावून देऊ? "नको. विझवायचं राहिलं तर?" नुसते हात जोडून बसले. मी पॅसेजमध्ये उभी राहून तोंडात पदर कोंबला.

८ मार्च, रविवार
बेळगावहून सुनीताताई आल्या, मि. ची थोरली बहीण. ठरवूनच आल्या होत्या. अप्पांना घेऊन जाते म्हणाल्या. "तिथं दिवसभर घरात माणूस असतं. इथं वैशाली धारवाडला, तू गोव्यात. या वेळी शेजारीण होती म्हणून निभावलं."
बरोबरच आहे.  मि. अप्पांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगत होता, थोडे दिवस, अप्पा, थोडेच दिवस. अप्पा माझ्याकडे बघत होते. मी नजर खाली घातली. मला भीती वाटत होती त्यांना ठेवून घ्यायची. खरं तेच.
पिशवीत एक नवा अलार्म ठेवला. ताईंना सांगितलं, आठवणीनं लावा. "हो ग, लावते की."

१२ मार्च, गुरुवार
घर रिकामं. रंगवाला आला, भिंती पांढऱ्या झाल्या. वाटलं होतं आता भीती जाईल. उलट दुपार झाली की ऑफिसात जीव घाबरतो. तिथं अलार्म लावला की नाही? ताई फोनवर म्हणतात, "लावायला माणूस मिळत नाही ग. आणि भाड्याचं घर, मालक भोकं पाडू देत नाही." अप्पांना फोन द्या म्हटलं. दिला. "बरा आहे," म्हणाले. "जेवलो." मी काय विचारलं ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

१८ मार्च, बुधवार. बेळगाव
ऑफिसचे कागद द्यायला बेळगावला आले. काम लवकर झालं. म्हटलं न कळवता जाऊन अप्पांना बघून यावं. दोन डिंकाचे लाडू घेतले.
ताईंच्या दाराला बाहेरून कुलूप.
वाटलं सगळे कुठं गेले असतील. वळणार तेवढ्यात खिडकीच्या गजाआड अप्पा. खुर्चीवर. मला बघून उठले, हात बाहेर काढला. मशीन कानात नव्हतं. मी विचारतेय, ताई कुठं, किल्ली कुठं, आणि ते नुसते माझा हात धरून.
आत कुठं काही पेटलं असतं तर. हा माणूस ऐकू शकत नाही, दार उघडू शकत नाही. गज धरून उभी राहिले ताई येईपर्यंत. घराच्या आत, मागच्या बाजूला काय चाललंय दिसत नव्हतं. वास तर मला. प्रत्येक मिनिटाला अप्पांना खूण करत होते, मागे जाऊन बघून या. ते जाऊन येत होते. मान हलवत होते, काही नाही.
ताई आल्या. हातात भाजीची पिशवी. चेहरा पडला. "अग, परवा एकटेच बाहेर पडले, स्टँडकडे निघाले होते, हुबळीची गाडी कुठं लागते विचारत. रिक्षावाल्यानं आणून सोडलं. मग काय करू? मलाही शिकवणीला जावं लागतं दुपारी. दोन तास लावते कुलूप. हौसेनं लावते काय ग?" आणि रडायला लागल्या. भांडायला तोंड उघडलं होतं, ते सोडून त्यांच्या हातातली पिशवी घेतली.
अलार्म कपाटावर, खोक्यातच.
मि. ला फोन लावला. कुलपाचं सांगितलं. मग म्हणाला, "घेऊन ये मग. पण उद्या तू धारवाडला गेलीस की दुपारी त्यांच्याजवळ कोण? परत शोभक्काच? त्यांचा हात अजून बरा नाही." मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "इथलं सोडून येता येतं का बघतो. लगेच नाही जमणार." फोन ठेवला.
ताई आत चहा करतायत. दाराशी पायरीवर बसून हे लिहितेय. मी विचारलंसुद्धा नव्हतं, तोवर अप्पांनी कपडे पिशवीत भरले, बुद्धमूर्ती टॉवेलात गुंडाळून वर ठेवली, मशीन कानात घातलं. चपला घालून शेजारी येऊन बसलेत. मघापासून दोनदा म्हणाले, "चल की."
हुबळीची गाडी अर्ध्या तासात आहे. मी अजून उठले नाही.