बैरुतची एक जागा

१३ जानेवारी १९५८

मनमोहनचं विमान बैरुतला अडकलं आहे. इंजिनात बिघाड. विमान कंपनीच्या कचेरीतल्या पिंटोनं फोनवर दुजोरा दिला. केव्हा हलेल ते सांगता येत नाही म्हणाला.

अण्णा, माझे थोरले भाऊ, काल पहाटे गेले. बर्फावर ठेवलं आहे. यशोदावहिनींचं एकच म्हणणं – एकुलता एक मुलगा, अग्नी त्यानंच द्यायचा. लंडनला तार मीच केली – 'अण्णा सीरियस, लगेच निघ.' गेले, असं तारेत लिहीत नाहीत आपल्याकडे. पोरगं एवढ्या लांबून एकटं येणार, वाटेत त्याला सावरणार कोण? जन्म बातम्या तपासण्यात गेला, पण हे लिहिताना हात अडला नाही.

मयत उठेपर्यंत चाळीत आमच्या मजल्यावर कुणी चूल पेटवत नाही. आज भोगी, तरी मुलं इराण्याच्या पावावर आहेत. समोरच्या राधाबाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, त्या विमानवाल्याला जरा दम द्या की."

दिला. पिंटो सभ्य माणूस. तिकिटामागची कलमं वाचून दाखवली. प्रवाशाला पोचवण्याची हमी आहे, वेळेवर पोचवण्याची नाही. खोळंबा झाला तर हॉटेल आणि जेवण कंपनीचं. जेवण!

१३ जानेवारी, संध्याकाळ

खालच्या दवाखान्यात पिंटोचा फोन. दुसऱ्या कंपनीचं विमान बैरुतवरून येतंय, त्यात एक जागा रिकामी आहे. मनमोहनचं नाव यादीत पहिलं – म्हणजे हक्क त्याचा. उद्या सकाळी सांताक्रूझ!

पिंटोनं विचारलं, त्याला खरं काय ते कळवू का? वर येऊन वहिनींना विचारलं. "नको, भाऊजी. परक्या माणसांत रडत बसेल." मलाही पटलं. खाली जाऊन नको म्हणून सांगितलं.

अण्णा त्याला प्रत्येक पत्रात लिहायचे – मुंबई महाराष्ट्राला मिळाली की ये, बरोबर पेढे वाटू. तोवर शीक.

१४ जानेवारी

विमान वेळेवर उतरलं. एक तरुण कुणाकडे न बघता धावतच टॅक्सीकडे गेला. मग बाकीचे. मनमोहन नाही. काउंटरवाला म्हणाला, त्या नावाचा उतारू बैरुतला चढलाच नाही. का, ते त्याला ठाऊक नव्हतं.

घरी आलो तर जिन्यात सगळा मजला उभा. माझ्या मागे कुणी नाही हे बघून बाजूला झाले. शामराव सगळ्यांत वडील. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं – आता थांबवू नका, अण्णांचे हाल होतायत. वहिनींनी मान डोलावली.

चंदनवाडीच्या स्मशानात मीच केस उतरवले, अग्नी दिला. परतलो तेव्हा मजल्यावर स्टोव्ह पेटले होते. आज संक्रांत. तिळगूळ कुणीच केला नाही.

वहिनी विचारत होत्या, पहिला हक्क त्याचा होता ना? मग का नाही आला?

१५ जानेवारी

सकाळी दाराशी एक तरुण. सांताक्रूझला धावत गेला होता तोच – आता डोकं भादरलेलं. प्रभादेवीचा कमलाकांत. सुतकात कुणी कुणाकडे जात नाही, पण त्याला राहवलं नाही. बैरुतला तो मनमोहनबरोबरच अडकला होता. त्याच्या भावानं तारेत सरळ लिहिलं होतं – आई गेली.

"जागा त्याची होती, काका. माझी तार वाचली नि म्हणाला, तू जा. माझे अण्णा आजारी आहेत, पण आहेत. थांबतील माझ्यासाठी."

त्याच्यामुळे आईचं तोंड दिसलं, म्हणून अण्णांच्या पाया पडायला आला होता. चपला काढता काढता त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं. एक चप्पल पायातच राहिली.

वहिनी आत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

१५ जानेवारी, दुपार

बैरुतचं विमान सुटलं – पिंटो. उद्या सकाळी उतरेल. आणायला मीच जाणार. टोपी घालून जावं की तसंच?