परत पाठवलेले चाळीस व्हॉल्व्ह

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राष्ट्रीय तेल कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यातला निवृत्त माल-तपासनीस, जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा कागद दिला, तो वाचून बायको म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी लेखी दिलं." मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करायला वेळ मिळेल असे वाटत नाही. वकीलबाईंनी एका पानाचा छापील नमुना दिला होता. माझे एका पानात भागत नाही.

कलम एक. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते हयातभर माझ्या बायकोचे आणि तिच्यानंतर मुलीचे. मागची शेड आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा यातून वगळली आहे, तिच्याविषयी कलम सहामध्ये सांगतो. बायको आहे तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि स्वयंपाकघराची भिंत पाडून 'मोकळं' तर मुळीच करू नये. जावयाच्या डोक्यात ते चार वर्षे घोळते आहे. माणूस लाख मोलाचा, पण त्याने नळाला हात लावला की दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलवावा लागतो. त्याने भिंतीपासून लांब राहावे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते सगळे बायकोचे. तिने ते स्वतःवर उडवावे. काटकसर पुष्कळ झाली, आणि ती बहुतेक माझ्या हट्टापायी झाली.

कलम तीन. माझी मोजमापाची हत्यारे, म्हणजे दोन मायक्रोमीटर, एक व्हर्नियर आणि लाकडी पेटीतला स्टीलच्या ठोकळ्यांचा संच, मुलीला द्यावीत. ती पंपाच्या कारखान्यात डिझाइन करते आणि सगळे संगणकावर मोजते. बाळ, वापरायची नसतील तर नको वापरूस, पण वर्षातून एकदा तेलाचा हात फिरव. अॅल्युमिनियमची शिडी सहा वर्षांपासून शेजारच्या निवृत्त स्टोअरकीपरकडे आहे. ती मी त्यांना देऊन टाकली असा त्यांनी समज करून घेतला आहे. शिडी आधी परत आणावी आणि मग वाटल्यास त्यांना भेट द्यावी.

कलम चार. कंपनीने निरोप देताना दिलेले घड्याळ बंद आहे, ते कोणीही घ्यावे. कंपनीच्या पन्नाशीचा जाडजूड गौरवग्रंथ मात्र रद्दीत घालू नये. त्यात काय लिहिलेले नाही ते मला इथे लिहायचे आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कारखान्यात साधा वॉशरसुद्धा जहाजाने यायचा. एक पंप बिघडला की परदेशी तार करायची आणि तीन महिने हात चोळत बसायचे. पुढे देशाने आपले तेल आपल्या ताब्यात घेतले आणि परदेशी साहेब गाशा गुंडाळून गेले. मग आमच्या पहिल्या मुख्य अभियंत्याने, त्यांना आम्ही थोरले साहेब म्हणायचो, एक यादी काढली. बाहेरून येणाऱ्या वस्तूंपैकी पाच दरवर्षी यादीवर घ्यायच्या आणि त्या इथल्याच वर्कशॉपकडून करून घ्यायच्या. नकाशे कंपनी देणार, पोलाद कंपनी देणार, शिकवायला माणूस कंपनी देणार, आणि तयार माल तपासून कंपनीच विकत घेणार. पहिल्या वर्षी बोल्ट आणि वॉशर झाले. दुसऱ्या वर्षी पाइप जोडायच्या चकत्या झाल्या. आमच्या मागच्या फाटकासमोर दोन वर्कशॉपे होती, ती दहा वर्षांत साठ झाली. त्या रस्त्याला लेथ गल्ली असे नावच पडले. तिथे शिकलेल्या माणसांनी पुढे बॉयलर केले, कापड गिरण्यांची यंत्रे केली, बसगाड्यांचे सुटे भाग केले. माझी मुलगी ज्या पंपाच्या कारखान्यात आहे तोही त्या गल्लीतूनच उठून मोठा झाला. कंपनीने देशाला तेल दिले असे भाषणात सांगतात. अहो, तेल जमिनीत होतेच. कंपनीने माणसांना मापात काम करायला शिकवले, आणि गौरवग्रंथाने ते अर्ध्या पानात उरकले आहे.

त्या यादीच्या दारात मी उभा होतो. गल्लीतला प्रत्येक नग माझ्या टेबलावरून जायचा. बरोबर निघाला तर हिरवा शिक्का, नाही तर लाल. लोक मला पाठीमागे 'लालशिक्का' म्हणत. मला ते आवडायचे, खोटे कशाला बोलू? ओळख काढणाऱ्याला, दिवाळखोरीचे रडगाणे गाणाऱ्याला, साहेबांची चिठ्ठी आणणाऱ्याला मी सारखाच वागवायचो. तपासनीस म्हणून मी चोख होतो. एका दिवसाचा अपवाद, आणि तो दिवस मी कोणालाही सांगितलेला नाही.

कलम पाच. हे कलम माझ्या धाकट्या भावाविषयी आहे.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गल्लीत त्याचा एक लेथ होता, पुढे दोन झाले. हात असा की मी मायक्रोमीटर लावायच्या आधी तो बोटाने सांगायचा किती जास्त आहे. थोरले साहेब निवृत्त होता होता त्यांनी यादीवर उच्च दाबाचे व्हॉल्व्ह घेतले. तोवर देशात ते कोणी केले नव्हते. माझा भाऊ म्हणाला, मी करतो. दीड वर्ष तो घरात कमी आणि ओतकाम करणाऱ्यांकडे जास्त राहिला. शेवटी त्याचे चाळीस व्हॉल्व्ह माझ्या टेबलासमोर आले.

व्हॉल्व्ह तपासायची आमची रीत अशी. त्यात पाणी भरून पंपाने दाब चढवायचा, गेजचा काटा ठरल्या आकड्यावर आला की पंप थांबवायचा आणि दहा मिनिटे बघायचे. एक थेंबही बाहेर येता कामा नये. पण त्याआधी एक काम असते. रोजच्या वापराचे गेज खरे दाखवते की नाही, हे कपाटातल्या मास्टर गेजशी ताडून पाहायचे. पंधरा मिनिटांचे काम. मी ते प्रत्येक मालाच्या आधी करायचो.

त्या सकाळी केले नाही. भोवती गल्लीतले वीस-पंचवीस जण उभे होते, कंपनीतलेही होते. मास्टर काढायला कपाटाकडे वळलो तेवढ्यात कोणीतरी हसून म्हणाले, "आज काय, घरचं कार्य आहे!" मला वाटले, आता कपाट उघडले तर हे म्हणणार, लालशिक्का भावासाठी गेज बदलतोय. मी तसाच परत फिरलो.

पहिला व्हॉल्व्ह झाकणाच्या सांध्यातून पाझरला. दुसरा टिकला. तिसऱ्याच्या अंगाला चीर गेली. भाऊ पुढे आला आणि हळूच म्हणाला, "दादा, मी गल्लीत अर्धा-अर्धा तास दाबाखाली ठेवलेत सगळे. एकदा मास्टर लावून बघ ना."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असे बोललो, "इथं मी कुणाचा दादा नाही. तपासनीस आहे."

तो मागे सरला. नमुन्याला काढलेल्या पाचांपैकी तीन गेले. नियमाप्रमाणे मी चाळीसही नगांवर लाल शिक्का मारला आणि अहवालात लिहिले, 'देशी बनावटीचे व्हॉल्व्ह उच्च दाबास अयोग्य.' नव्या साहेबांना यादी नकोशीच झाली होती, ते असल्या वाक्याची वाटच बघत होते. व्हॉल्व्ह यादीवरून काढून टाकले. पुढे एकोणीस वर्षे आपल्या देशात व्हॉल्व्ह जहाजाने येत राहिले, आणि बैठकीत कोणी विषय काढला की माझे ते वाक्य वाचून दाखवत.

अकराव्या दिवशी ते गेज वार्षिक तपासणीहून परत आले, सोबत दाखला होता. गेज शंभर दाखवते तेव्हा खरा दाब एकशे चोवीस असतो, असे त्यात लिहिले होते. म्हणजे मी भावाच्या व्हॉल्व्हवर ठरल्यापेक्षा जवळजवळ चौथाई जास्त दाब दिला होता. एवढ्याला परदेशी व्हॉल्व्हही फुटला असता. त्याच्या मालात काही खोट नव्हती.

दाखला मी घरी आणला आणि लोखंडी कपाटात, माझ्या शाळेच्या प्रमाणपत्रांखाली ठेवला. कोणी मला लाच दिली नव्हती, बढतीही मिळणार नव्हती. माझी चूक झाली असे मला म्हणायचे नव्हते, बस. आज सांगतो, उद्या सांगतो, करता करता दोन महिने गेले आणि भावाने दोन्ही लेथ विकले. त्यानंतर तो ठेकेदाराकडे फिटर म्हणून लागला. आमच्याच कारखान्यात, परदेशी व्हॉल्व्ह बसवायला. मी निवृत्त होईपर्यंत पंधरा वर्षे तो फाटकात माझ्या बाजूने जात राहिला. मान हलवायचा. बोलायचा नाही.

मी त्याचे वाटोळे केले. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

कलम सहा. तो मूळ दाखला माझ्या मृत्यूनंतर भावाला द्यावा. त्याची एकेक प्रत, कलम पाचसह, कंपनीच्या मुख्य कार्यालयाला आणि गल्लीतल्या वर्कशॉपवाल्यांच्या संघाला द्यावी, आणि संघाच्या सभेत मोठ्याने वाचावी. मागची शेड आणि भोवतीची जागा भावाला द्यावी. त्यावर इतर कोणाचा हक्क राहणार नाही.

इथवर लिहून मी परवा कागद बायकोपुढे ठेवला. पस्तीस वर्षांत तिलाही मी काही सांगितले नव्हते. तिने सगळा वाचला. मग म्हणाली, "अहो, मेल्यावर माफी मागायची ही कुठली पद्धत? समोरून कोणी बोलायला नको, म्हणूनच ना?" आणि उठून तिने भावाला फोन केला.

कलम सात. वकीलबाई म्हणतात हे मृत्युपत्रात बसत नाही. बसवावे.

आज दुपारी भाऊ आला. त्याच्या मुलीच्या घरून, दोन बस बदलून. मी जिथे बसलो आहे तिथेच, समोरच्या खुर्चीवर बसला आणि चष्मा नाकावर ओढून कलम पाच दोनदा वाचले. चहा गार झाला.

"अकराव्या दिवशी कळलं तुला?"

"हो."

"लेथ विकले त्या दिवशी तू आला होतास. टेम्पोत चढवायला हात लावलास."

"हो."

"आणि तो गेजचा दाखला तेव्हा तुझ्या खिशात होता."

"खिशात नाही. कपाटात."

तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि मला वर बघवेना. "वा रे वा," तो म्हणाला, "अजून काटेकोर! दादा, गल्लीत मला 'गळक्या' म्हणायचे, माहितीये? माझ्या मुलीच्या लग्नातसुद्धा कोणीतरी म्हणालं. तू त्या आठवड्यात फाटकापाशी चार माणसांसमोर एवढंच बोलला असतास की गेज चुकलं. मला माफीपण नको होती."

"मग आता काय करू?" मी विचारले.

"आता काय करणार? सही कर."

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. समोरच्या घरातल्या निवृत्त शिक्षिकेला आम्ही बोलावून ठेवले होते, वकीलबाई आल्या होत्या आणि दुसरा साक्षीदार म्हणून त्यांचा कारकून होता. भाऊ कारकुनाला म्हणाला, "तुम्ही राहू द्या. मी करतो."

वकीलबाईंनी त्याचा हात धरला. "काका, थांबा. साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत की शेड आणि जागा गेली."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "जागा घेतली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याकडून जागेसाठी लिहून घेतलं. मग हा कागद खोटा ठरेल. मला जागा नको, बाई. मला हा कागद खरा हवा आहे."

मी त्याला अडवायला हवे होते का, कळत नाही. मला अडवता आले नाही. शेड आणि जागा आता घराबरोबर बायकोकडे जावी. भाऊ समोर पेन उघडून बसला आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. त्याला देण्यासारखे माझ्याकडे जे होते ते मी पस्तीस वर्षांपूर्वी द्यायला हवे होते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ: राहते घर, जेवणाची खोली.
दिनांक: नऊ मार्च, शनिवार, दुपारचे साडेचार.

लिहून ठेवणार: निवृत्त माल-तपासनीस. (सही)

साक्षीदार पहिली: समोरच्या घरात राहणार. व्यवसाय, निवृत्त शिक्षिका. (सही)

साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणाराचा सख्खा धाकटा भाऊ. व्यवसाय, स्वतःच्या अक्षरात: व्हॉल्व्ह बनवणारा. (सही)