गजर बंद करणारी गोळी

३ नोव्हेंबर, सकाळ
सून काल म्हणाली, आई, तुम्ही दिवसभर सूचना देता, त्याला झोप मिळत नाही; जे सांगायचं ते लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. मला लिहायची हौस नाही. मुलाच्या बोटांवर पुन्हा जांभळे डाग आलेत, अंगात ताप आहे. तो घड्याळं दुरुस्त करतो. बोटं गेली की धंदा गेला. आजपासून सगळं मी हातात घेतलं आहे. मी सायन्स ग्रॅज्युएट आहे. महिन्याभरात त्याला दुकानात बसवते.

५ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई सुनेच्याच वयाच्या. म्हणाल्या, काकू, डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो. हे मला सांगतात! तो केंद्रकाबाहेर दिसला की पेशीतला पहारेकरी समजतो, व्हायरस घुसला, आणि बोंब ठोकतो. डीएनएवर काय लिहिलंय ते तो वाचत नाही; भलत्या जागी आहे एवढंच बघतो. ह्याच्या पेशींत स्वतःच्याच डीएनएचे तुकडे बाहेर पडून राहतात. ते साफ करणारं एन्झाइम जन्मापासून अधू. म्हणून पहारेकरी घरच्यालाच चोर ठरवतो.
मी मान डोलावली. पटलं नाही. बोंब उठली म्हणजे कुणीतरी शिरलंच असणार. आमच्या वेळी पहारेकरी अभ्यासाला नव्हता, जंतू होते.

६ नोव्हेंबर
मोहीम सुरू. चादरी उकळल्या. पडदेही उकळले, ते आता पडदे राहिलेले नाहीत. नात शाळेतून जंतू आणते, म्हणून तिला बाबाच्या खोलीत बंदी. सुनेचं अंथरूण हॉलमध्ये. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. पटलं असावं.

९ नोव्हेंबर
नात उंबऱ्याबाहेर बसून बाबाला पाढे म्हणून दाखवते. मुलगा म्हणाला, आई, अगं ती माझीच आहे ना? मी म्हटलं, ती कुणाची हा प्रश्नच नाही, ती बाहेरून येते.

११ नोव्हेंबर
नवीन गोळी सुरू झाली. ती म्हणे पहारेकऱ्याची बोंब पुढे पोचू देत नाही. म्हणजे घरात चोर आणि आपण गजर बंद करून झोपायचं! मुलाला बोलून दाखवलं. तो हसला. म्हणाला, गजराला काय कळतंय गं, कोण झोपलंय? काटा त्या जागी आला की तो वाजतो. माझा काटाच चुकीचा बसलाय.
आजारी माणसाचं बोलणं किती मनावर घ्यायचं?
गोळ्या द्यायचं आणि थर्मामीटर लावायचं काम मागून घेतलं. सून म्हणाली, नक्की जमेल ना, आई? मी म्हटलं, तुझा जन्म व्हायच्या आधी मी प्रयोगशाळेत उभी होते.

१७ नोव्हेंबर
ताप उतरला. डाग फिकट. चादरींचा परिणाम! शास्त्र म्हणतं, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. म्हणून गोळी बंद. तिच्याऐवजी तशीच दिसणारी व्हिटॅमिनची देते. खऱ्या गोळ्या माझ्या चष्म्याच्या घरात. सुनेला निकाल आल्यावर सांगेन, उगाच घाबरेल.
मुलाने विचारलं, गोळीची चव बदलली का गं? मी म्हटलं, तुझ्याच तोंडाला चव नाही.

२२ नोव्हेंबर
जरा कणकण. गारठा वाढलाय. चादरी आता दोनदा उकळते.

२५ नोव्हेंबर
करंगळीचं टोक काळं. पलंगावर घड्याळ उघडताना मुलाच्या हातातला चिमटा गळून पडला, त्याला कळलंही नाही. नात बाहेरून ओरडली. सून धावत आली. सवयीने मी दारात हात आडवा धरला. तिने तो बाजूला केला. अगदी हळू.

२७ नोव्हेंबर, हॉस्पिटल
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काकू, गोळ्या रोज दिल्यात ना? मी हो म्हटलं. रोज दिल्याच होत्या. मग त्या सुनेला म्हणाल्या, म्हणजे ही गोळी ह्याला लागू पडत नाही. उद्या बंद करू. हिच्यानंतर आमच्याकडे फारसं काही नाही. सून भिंतीला टेकून खालीच बसली. मी पाणी आणायला गेले आणि बराच वेळ नळापाशी उभी राहिले.
संध्याकाळी करंगळीचं पेर काढलं. शुद्धीवर आल्यावर मुलगा म्हणाला, बाकीच्या बोटांनी उघडेल गं घड्याळ. तू जेवलीस का?

२८ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई तपासायला यायच्या आधी सुनेला बाहेर बोलावलं. बोलायचं ठरवून गेले होते. त्याऐवजी सगळं तिच्या हातात दिलं. तिने उघडून पाहिलं, मिटलं. म्हणाली, म्हणजे गोळी लागू पडत होती. आणि डॉक्टरांच्या खोलीकडे पळत सुटली. आतून, बाबाच्या पलंगावरून, नात म्हणाली, आजी, ये ना आत. मी बाहेरच्या बाकावर बसले.
सुनेला दिलं ते असं: थर्मामीटर. गोळ्यांचा डबा. चष्म्याचं घर, आतल्या सगळ्या गोळ्यांसकट.
चष्मा माझ्याकडे आहे.