खाटांची अदलाबदल

४ जून
आजपासून ज्याचा त्याचा मजला. मला तिसरा. इतकी वर्षं माझे पेशंट सगळ्या इमारतीत विखुरलेले आणि मी कायम जिन्यात! हॉस्पिटलचे मोठे साहेब म्हणाले, "एक डॉक्टर, एक वॉर्ड. पेशंट वॉर्डाचा, डॉक्टरचा नाही." बैठकीत सगळ्यात जोरात मान मीच डोलावली.

९ जून
खोटं कशाला बोलू — झकास चाललंय. राउंड वेळेत संपतो. सिस्टरना माझं अक्षरसुद्धा लागायला लागलं. घरी जाऊन गरम जेवले.

१७ जून
माझ्या वॉर्डातल्या कंडक्टरबाई (एसटीतून निवृत्त) सुधारताहेत. हृदय थकलंय, तोंड मात्र ठणठणीत. राउंडला गेले की मलाच सुनावतात, "पुढे सरका बाई, पुढे जागा आहे." रक्तदाब कायम कमी. नवखा बघून घाबरेल. मला सवय झालीय.

२० जून
मामांना न्यूमोनिया. आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. खाट मिळाली पाचव्या मजल्यावर, आणि तिथला डॉक्टर नवा. मामींचा फोन — "घरात डॉक्टर असून आम्ही परक्याच्या हाती?"
साहेबांना विचारून बघितलं. "नियम सगळ्यांना सारखा. आज तुम्ही मोडलात तर उद्या कोण पाळेल?" बरोबरच आहे त्यांचं. पण मामा आहेत ते.

२१ जून
केलं. साहेबांना न विचारता. मामा खाली, कंडक्टरबाई वर. माझ्या वॉर्डात त्यातल्या त्यात त्याच बऱ्या होत्या. त्यांना म्हटलं, "वर खिडकीजवळची खाट आहे, हवा चांगली." खूश झाल्या बिचाऱ्या. कागदावर 'प्रकृती स्थिर' एवढंच लिहिलं. मामांचं स्ट्रेचर लिफ्टशी येऊन थांबलं होतं, धावले. रक्तदाबाचं लिहायचं राहिलं.

२२ जून
कंडक्टरबाई गेल्या.
रक्तदाब कमी दिसला म्हणून नव्या डॉक्टरने सलाइन लावलं. त्या हृदयाला तेवढं पाणी पेलणार नव्हतं. फुफ्फुसात साठलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, तर तो तरी काय करणार? कॉरिडॉरमध्ये भेटला. चेहरा पार उतरलेला. "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "होतं असं कधी कधी." त्याच्या पाठीवर हातही ठेवला. लिहितानाही लाज वाटतेय.

२५ जून
मामा उठून बसले, चार घास जेवले. मामी सगळ्यांना सांगत सुटल्यात — भाची होती म्हणून वाचले.

३० जून
महिन्याची बैठक. तिसऱ्या मजल्यावर एकही मृत्यू नाही. साहेबांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. कंडक्टरबाई पाचव्या मजल्याच्या नावावर. नव्या डॉक्टरला लेखी खुलासा द्यायचाय. तो खाली बघत बसला होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.
माझ्यासारखी भित्री मीच.

२ जुलै
कंडक्टरबाईंची मुलगी आली, वडिलांना धरून. त्यांनाही धाप लागतेय. म्हणाली, "तुमच्याच वॉर्डात घ्या. त्या वरच्याच्या हाती नको, त्यानेच आईला मारलं."
तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. कुणाची खाट कुणाला दिली, काय लिहायचं राहिलं, सगळं.
 तिने वडिलांना उठवलं आणि ते धापा टाकत असतानाच त्यांना घेऊन निघून गेली. मी फाटकापर्यंत मागे धावले, ती थांबली नाही.