मंदाकाकूंची बाटली

सोम., ४ मे
आमच्या चॅनलवरच्या दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमाची निवेदिका रजेवर. या आठवड्यात तिच्या खुर्चीत आमदारबाई. सगळे ताई म्हणतात, मीही. आमचे निर्माते सर म्हणाले, "तुमच्या भुईगावातून कुणी केळीच्या वाडीवाली बाई मिळेल का पाहुणी?" मी लगेच शेजारच्या मंदाकाकूंचं नाव दिलं. फार शहाणी मी.

मंगळ., ५ मे
काकू खूश. वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी नेणार, आणि विहिरीच्या पाण्याची बाटली. दोन उन्हाळे विहीर खारट, केळी माना टाकतायत. सहा घरांचा नळाचा अर्ज ताईंच्या ऑफिसात पडून. "कॅमेऱ्यासमोर घोटभर पाजते तिला. मग बघू." मी हसले. सरांना आधीच सांगायला हवं होतं.

गुरु., ७ मे
शूटिंग. सरांनी बाटली पाहिली. "ताईंनी तोंड वाकडं केलं तर तूही नाहीस नि मीही नाही. बघ काहीतरी." माझं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय. काकू मेकअपला बसल्या तेवढ्यात बाटली बेसिनमध्ये ओतली, कूलरचं पाणी भरलं.
काकू म्हणाल्या, "आमच्या विहिरीचं आहे, पिऊन बघा." ताई प्यायल्या. "अहो, किती गोड!" टाळ्या. काकूंनी बाटली घेतली, स्वतः घोट घेतला. पुढे सुकेळीवर बोलल्या, पण आवाजच गेला होता.
परतताना गाडीत: "घाईत जारच्या पाण्याची बाटली उचलली वाटतं मी. म्हातारपण गो."
मी म्हणाले, असेल.
असेल म्हणाले मी.

सोम., ११ मे
आज दाखवलं. संध्याकाळी ताईंच्या ऑफिसातून काकूंना फोन: पाणी गोड आहे, सगळ्यांनी पाहिलंय, मग नळाची घाई कशाला? बाकीची पाच घरं काकूंवर उखडलीत. "मंदाबाईंच्या विहिरीत साखर पडली," असं मारुतीच्या देवळापाशी ऐकलं. सरांचा मेसेज, भाग मस्त गेला, कॉन्ट्रॅक्ट वाढवतोय.


बुध., १३ मे
काकू आईपाशी रडल्या. मी आतल्या खोलीत, दार लावून. चोराच्या मनात चांदणं. नंतर आई म्हणाली, "तू तिथेच होतीस ना? एवढं लक्ष नाही दिलंस?"
दिलं होतं, आई. लाज वाटते, पण तोंड उघडत नाही. कॉन्ट्रॅक्टवर सही करायची राहिलीय. उद्या उद्या चाललंय.

रवि., १७ मे
काकू सकाळीच आल्या. मला विहिरीपाशी नेलं, माझ्यासमोर नवी बाटली भरली. मी चाखली. त्यापेक्षा मिठागराचं पाणी बरं.
उद्या अकराला ताईंच्या ऑफिसात जायचंय. "माझं कोण ऐकणार आता? तू चल. सांग त्यांना, काकूने चुकीची बाटली आणली होती. टीव्हीवाल्या पोरीचं ऐकतील. तेवढं बोलशील ना?"
म्हणजे पुन्हा खोटं बोलले तर कदाचित नळ येईल, माझी नोकरीही राहील, आणि चूक जन्मभर काकूंची.
येते म्हणाले. त्यांनी जाताना हातात सुकेळीची पुडी दिली, माझ्यासाठी वेगळी काढून ठेवलेली. अजून सोडलेली नाही.