नॉर्वेला जायचंच

२ फेब्रुवारी, रविवार

निहारने नॉर्वेचं बुकिंग रद्द करून टाकलं! बापाचा, म्हणजे उल्हासचा फोन घेतला, टूरवाल्यांना लावला, "बाबांची बायपास झालीये, ते येऊ शकणार नाहीत" — संपलं. मी आत त्याच्याचसाठी उपम्याचा रवा भाजत होते. बाहेर आले तर सगळं उरकलेलं. उल्हास पेपरात डोकं घालून बसलेले. या माणसाशी सहा वर्षं संसार करतेय. ते पेपर वाचतायत की पेपरामागे लपलेत, एवढं मला कळतं.

"मावशी, रागावू नका, पण हे शहाणपणाचं नाही," निहार म्हणाला. त्याची बायको शाल्मली त्याच्याही बाजूने बोलली नाही, माझ्याही नाही. ती उपमा खात होती. चांगला झाला होता म्हणाली.

दोघं बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला परत गेल्यावर उल्हासना विचारलं, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? तर म्हणे, "पोरगा घाबरलाय गं." आणि तुम्ही? यावर त्यांनी पेपरचं पान उलटलं.

३ फेब्रुवारी

टूरच्या ऑफिसात मीच फोन केला. दोन्ही जागा परत घेतल्या. जूनला जायचंच.

५ फेब्रुवारी

निहारला कळवलं. चोरून काही करायचं नाही, जन्म बँकेत गेलाय माझा. तो म्हणाला, "तुमच्या हौसेपायी बाबांना तिकडे काही झालं तर?"

हौसेपायी! शब्द फार लागला. संध्याकाळी दोन पोळ्या करपवल्या.

पण खरं सांगायचं तर त्याच्यावरचा राग टिकत नाही. त्याची आई गेली तेव्हा तो कॉलेजात होता. ऑक्टोबरात बापाला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा हा एवढा मोठा मॅनेजर बाहेर बसून नखं खात होता. मी बघितलंय. फक्त मीही तिथेच होते, शेजारच्या खुर्चीवर. ते कुणी बघितलं का, कोण जाणे. छप्पन्नाव्या वर्षी लग्न केलेल्या बाईचा नवऱ्यावर हक्क किती, हे कुणी सांगत नाही. आपला आपणच धरून ठेवायचा.

शेवटी तडजोड झाली. मार्चमध्ये उल्हासची ट्रेडमिलवरची टेस्ट आहे. पास झाले तर निहार चकार शब्द काढणार नाही. नापास झाले तर मी काढणार नाही.

म्हणजे आता पास व्हायचं. दुसरं काही नाही.

६ फेब्रुवारी

लिफ्ट आजपासून बंद — फक्त आम्हा दोघांसाठी. चाला, जिने चढा, असं डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे. टूरच्या बसची पहिली पायरी चांगली गुडघ्याएवढी असते, दिवसातून कितीतरी वेळा चढउतार. घरी तीन मजले जमले नाहीत तर तिकडे काय करणार?

प्रत्येक मजल्यावर मी थांबते. "मला दम लागला" असं त्यांना म्हणायला लागू नये. मीच कठड्याला टेकून उभी राहते आणि खालच्या गाड्या बघते. मग हेही बघतात. पुरुषांना असं काहीतरी निमित्त लागतं.

गंगव्वा भांडी घासायला येताना जिन्यात भेटली. "अक्का, साहेबांना कशाला पळवतीस? स्वल्प निधान! जरा सावकाश!" तिला सांगितलं, फॉरेनला जायची तयारी चाललीये. म्हणाली, "परत? मागच्या खेपेला जाऊन आलात की!" तिच्या हिशेबी फॉरेन हे एकच गाव आहे. निपाणीच्या पुढे कुठेतरी.

११ फेब्रुवारी

आज जिन्यात उल्हास मध्येच हसायला लागले. कशाला हसताय विचारलं तर म्हणाले, "तुर्कस्तानातही तू अशीच दरडावत होतीस."

दरडावत बिरडावत नव्हते. न्यायाचं बोलत होते.

मराठी टूरमध्ये बसचा नियम असतो, रोज सकाळी सगळ्यांनी दोन-दोन ओळी मागे सरकायचं. म्हणजे पुढची सीट सगळ्यांच्या वाट्याला येते आणि भांडणं होत नाहीत. (होतातच.) आमची ओळख त्या टूरमधलीच. सगळी जोडपी, एकटे आम्ही दोघंच. मी बेंगळुरूहून, हे पुण्याहून. म्हणून टूर मॅनेजरने आम्हाला एका सीटवर बसवलं. बस रोज सरकायची, पण शेजारी बदलायचा नाही! आणि हा गृहस्थ खिडकी पकडून झोपायचा. बाहेर एवढे डोंगर, दऱ्या, जर्दाळूच्या बागा आणि याचं डोकं काचेवर. मी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "अहो, झोपायचंच असेल तर खिडकी कशाला अडवता?"

ते दचकून जागे झाले. निमूटपणे उठले, जागा दिली. मग जरा वेळाने म्हणाले, "बायको गेल्यापासून घरी झोप लागत नाही. बसमध्ये शेजारी कुणी असलं की लागते."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. एक डोंगर दिसला नाही मला.

त्यानंतर टूर संपेपर्यंत ते मधल्या बाजूला बसून झोपले. मान माझ्या खांद्यावर यायची. मागे बसलेल्या सोलापूरच्या वहिनींनी पाचव्या दिवशी मला विचारलं, "तुमचे मिस्टर आजारी आहेत का हो?" मी "नाही" म्हटलं. "ते माझे मिस्टर नाहीत" हे म्हणायचं राहून गेलं.

१२ फेब्रुवारी

तेव्हापासून श्रीलंका, केनिया, जॉर्जिया, पोर्तुगाल. केनियात सिंह बघायला पहाटे निघालो, सिंह आला, हे झोपलेले. मी उठवलं नाही. फोटो दाखवला.

पोर्तुगालची गंमत मात्र कुणाला सांगायची सोय नाही. बाजारात चुकामूक झाली. टूरवाल्यांनी बजावलेलं — हरवलात तर आहात तिथेच उभे राहा, कुणीतरी शोधत येईल. मी मासळीवाल्यापाशी उभी राहिले. हे घंटाघरापाशी उभे राहिले. दोघेही शिस्तीचे! दोघेही वाट बघतोय, शोधायला कुणीच निघत नाही. शेवटी टूर मॅनेजरने दोघांना दोन टोकांवरून गोळा केलं. हॉटेलवर आल्यावर उल्हास माझा हात सोडायला तयार नव्हते. जेवतानाही डावा हात माझ्या हातात. मी म्हटलं, लोक बघतायत. "बघू देत," म्हणाले.

त्या माणसाला आता दिवाणखान्यातल्या खुर्चीत ठेवून द्यायचं म्हणतात.

१४ फेब्रुवारी

आज भांडलो. कडाक्याचं.

दुसऱ्या मजल्यावर उल्हास खाली बसले. "मला नाही जायचं नॉर्वेला," म्हणाले. छातीत काही होतंय का विचारलं. नाही म्हणाले. नाडी बघितली, ठीक होती. मग मीही बोलले — निहार बरोबर म्हणतोय, माझीच हौस, तुम्ही आपले पेपर वाचा. नको ते सगळं बोलले.

त्यांनी कठडा धरला. मग म्हणाले, "मला भीती वाटते, वीणा. मरायची नाही. तिकडे मेलो तर तू एकटी असशील. परका देश, तू आणि माझी पेटी."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. म्हटलं, "आणेन मी तुम्हाला. एकटीने आणेन. पण म्हणून आत्तापासून घरात बसून वाट बघायची नाही."

वरच्या मजल्यावरचे लोक उतरत होते. आमच्या मधूनच वाट काढून गेले.

१५ फेब्रुवारी

सकाळी उठले तर उल्हास बूट घालून दारात तयार.  मीही पायांत चपला सरकवल्या. चढलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

निहार-शाल्मली आले. मेट्रोने, मॅजेस्टिक स्टेशनात गाडी बदलून. नेमके आम्ही जिन्यात. निहार लिफ्ट सोडून मागून चालत आला. बापाची पाठ बघत, एकेक पायरी, हात अर्धवट पुढे करून, पडले तर धरायला. तिसरा मजला आला. उल्हास पडले नाहीत. निहारच घामाघूम झालेला.

जेवताना त्याने ट्रेडमिलचा विषय काढला नाही. जाताना मला म्हणाला, "सरी, बघू." 'सरी' म्हणजे बरं. कन्नड तो एवढंच बोलतो, पण माझ्याशी आज पहिल्यांदा.

मला मात्र हल्ली पित्त फार होतंय. रात्रीचं तिखट बंद करायला हवं.

७ मार्च, शुक्रवार

उल्हास पास! डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं चालणारे कमी बघितले. खुशाल जा. निहार सुट्टी काढून आला होता. त्याने हात जोडले — मला. "हरलो मावशी," म्हणाला. हसत म्हणाला, ते मला फार बरं वाटलं. आज सगळ्या जगाला मिठी मारावी असं वाटत होतं.

साठीच्या पुढच्या प्रत्येकाला टूरवाल्यांना डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. म्हणजे मलाही. म्हटलं आलेच आहोत तर माझंही उरकून घ्या. पट्ट्यावर चढले. थोडं चालले असेन, तेवढ्यात टेस्ट घेणाऱ्या पोरीने मशीन थांबवलं. मी म्हटलं, अहो, मी थकले नाहीये. पोरगी माझ्याकडे बघतच नव्हती, कागदाकडे बघत होती. मग डॉक्टरांना बोलवायला गेली.

काही नसणार. सकाळी घाईत खाल्लं नव्हतं.

८ मार्च

पित्त नव्हतं ते. सोमवारी अँजिओग्राफी.

उल्हासनी रात्रभर डोळा मिटला नाही. मी शेजारी असून.

१२ मार्च

तीन ठिकाणी अडलंय. उद्या सकाळी बायपास, माझी. ऑक्टोबरपासून मी त्यांची नाडी बघत होते.

मला भीती वाटतेय. उगाच खोटं कशाला लिहू. उल्हास खुर्ची ओढून पलंगाला चिकटून बसलेत, उठायला तयार नाहीत. डॉक्टर सगळं समजावून सांगत होते — किती वेळ, काय धोका — आणि मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. शेवटी म्हणाले, काही विचारायचंय? मी मान हलवली, नाही. तर निहार पुढे झाला. मला वाटलं, आता हा धोक्याची टक्केवारी विचारणार.

म्हणाला, "डॉक्टर, जूनचं आम्ही पुढे ढकलू. पण पुढच्या वर्षी मावशींना विमानात बसता येईल ना? तिथल्या बसच्या पायऱ्या उंच असतात. आणि त्या दोघांबरोबर मीही असेन."